आमची वाटचाल : तक्त्यापासून फाईलपर्यंत

आमचा मूळ धंदा छपाईचा. राजगुरुनगरला वडिलांचं प्रेस होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रांची हँडबिलं आणि जून जवळ आला की शाळांचे तक्ते. त्यांत ‘शासनाची तीन अंगे’ हा तक्ता दरवर्षी हमखास खपायचा. प्रेस माझ्याकडे आणि बहिणीकडे आलं, तोवर ती एलएलबी होऊन तालुका न्यायालयात वकिली करू लागली होती. मी छपाई बघायचो, ती मजकूर तपासायची. शाळांसाठी नागरिकशास्त्राचे फाईलसंच तयार करणारी आजची आमची कंपनी त्या एका तक्त्यातून उभी राहिली.

तक्ते पोचवायला शाळेत गेलो की नागरिकशास्त्राचे सर मुलांचे प्रश्न सांगायचे. मुख्यमंत्री आणि मंत्री आमदारच असतात, मग विधिमंडळ वेगळं आणि सरकार वेगळं असं कसं म्हणायचं? जीआर निघाला म्हणजे कायदा झाला का? शेताच्या रस्त्याचा निकाल तहसीलदार देतात, तर ते न्यायाधीश का? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे प्रश्न घरातूनच पडतात. घरात सातबारा असतो, दाखल्यांसाठी हेलपाटे असतात, बांधावरून भांडणं असतात. आठवीच्या पुस्तकात संसद, कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था यांवर धडे आहेत आणि ते नीट लिहिलेले आहेत. पण दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर, त्यात राज्यशास्त्राच्या वाट्याला थोडेच गुण. शिक्षकांना मनात असूनही थांबायला वेळ मिळत नाही.

बहिणीचं म्हणणं असं पडलं की तिन्ही अंगं वेगवेगळी समजावत बसण्यापेक्षा मुलांना एकच प्रकरण द्यावं आणि ते कुठून कुठे गेलं ते कागदांवरून शोधायला लावावं. प्रकरण कुठलं, यावर आमच्या तालुक्यात फार विचार करावा लागत नाही. बैलगाडा शर्यत.

खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यातल्या मुलांना घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, बारी म्हणजे गाड्याची धावायची पाळी, गाडामालक हे शब्द शिकवावे लागत नाहीत. शर्यती बंद होत्या तेव्हाच्या यात्राही त्यांना घरच्यांकडून ऐकून माहीत आहेत. शर्यत बंद कोणी केली असं विचारलं की वर्ग एका सुरात ‘कोर्टाने’ म्हणतो. सुरू कोणी केली? ‘सरकारने.’ तिथून आमची फाईल उघडते.

पहिला कागद २०११ चा. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्या यादीत बैल घातला. हे काम कार्यकारी मंडळाचं, पण त्याला आधार संसदेने १९६० साली केलेल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू हा तमिळनाडूतला बैलांचा खेळ आणि बैलगाडा शर्यती यांवर बंदी आणली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढून सवलत दिली आणि न्यायालयाने तिला स्थगिती दिली. इथे वर्गात खरी चुळबुळ सुरू होते. अधिसूचनेने जमलं नाही, मग आता काय? कोणीतरी म्हणतं, कायदाच बदलायचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये तेच केलं. मूळ कायदा केंद्राचा आणि विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, म्हणून राज्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती लागली. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारित कायदा आणि नियम पाळून शर्यती घ्यायला मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आज घाटात बारी सुटायच्या आधी नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणजे कागद पुन्हा कार्यकारी मंडळाकडे आला.

बारा वर्षांचा हा प्रवास मुलं दोन तासांत करतात. वर्गाचे तीन गट होतात. एका गटाने दुरुस्ती विधेयकाचं एक कलम लिहायचं, दुसऱ्याने त्यावरचे नियम, तिसऱ्याने निकाल. निकाल देणाऱ्यांना एकच अट आहे. जो निर्णय द्याल त्याची कारणं लेखी द्या आणि कारणात कलमाचा उल्लेख हवा. माझ्या मते सगळं शिक्षण या एका अटीत आहे. आमदाराला ‘लोकांची इच्छा आहे’ असं म्हणता येतं, ते त्याचं कामच आहे. न्यायाधीशाला तेवढं म्हणून भागत नाही. हा फरक सांगून कळत नाही, निकाल लिहायला बसलं की कळतो.

मंचरजवळच्या एका शाळेत नववीतल्या एका मुलाच्या घरी शर्यतीचे बैल होते. भूमिका वाटताना त्याच्या नावे चिठ्ठी निघाली ती प्राणिमित्र याचिकाकर्त्याच्या वकिलाची. तो आधी नाराज झाला, मग उठून म्हणाला, ‘शेपटी चावणं, टोचणी लावणं हे आमच्या घाटात मी बघितलंय. नियमात ते बंद असेल तर लक्ष ठेवणार कोण, ते यांनी लिहिलेलं नाही.’ नियम लिहिणाऱ्या गटाने कागद परत मागून घेतला. न्यायाधीश झालेल्या मुलीने निकाल राखून ठेवला आणि नवा मसुदा येईपर्यंत शर्यतीला अंतरिम, म्हणजे तात्पुरती, मनाई दिली. अंतरिम हा शब्द तिला फाईलमधूनच मिळाला होता. बहिणीने त्या दिवशी घरी येऊन तो मसुदा जपून ठेवला.

शाळाशाळांत होणारी अभिरूप संसद, म्हणजे मुलांनी सभागृह भरवण्याचा कार्यक्रम, चांगलीच असते, आम्हीही तिला मदत करतो. पण तिथे बऱ्याचदा गोंधळाची नक्कल होते. सभागृहाचं काम तारांकित प्रश्नात (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न), लक्षवेधीत (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचनेत (मागितलेल्या खर्चात कपात सुचवणारी) असतं आणि ते लिहून करायचं काम आहे. मंत्री सभागृहाला उत्तर द्यायला बांधलेले असतात, हे मुलांनी एकदा स्वतः प्रश्न लिहून पाहिलं की विधिमंडळ वेगळं आणि सरकार वेगळं कसं, या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही सापडतं. आपल्याकडे मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येतं आणि विधानसभेला जबाबदार राहतं. सगळे आमदार मंत्री होऊ नयेत म्हणून मर्यादा आहे. २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३.

दुसरी फाईल तहसीलदारांवर निघाली. मामलेदार हे तहसीलदारांचंच जुनं नाव; मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, त्याखाली अडवलेला शेतरस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार आजही तहसीलदारांना आहे. संविधानाचा अनुच्छेद ५० म्हणतो की न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवायला राज्याने पावलं उचलावीत. मग महसुली अधिकाऱ्याकडे असे निवाडे कशाला, यावर मुलं तावातावाने भांडतात. रस्ता पेरणीच्या आधी मोकळा व्हायला हवा, दिवाणी दाव्याला वर्षं लागतात, हेही त्यातलीच मुलं सांगतात. आम्ही उत्तर छापलेलं नाही. या फाईलसोबत न्यायालयाची भेट असते. न्यायालय खुलं असतं, तरी वर्ग न्यायचा म्हणून आधी परवानगी घेतो. पुकारा होतो, पक्षकार उठतात, पुढची तारीख पडते, आणि मुलं अगदी गप्प बसून बघतात.

व्यवहाराचं सांगायचं तर खाजगी शाळा फाईलसंचाची पूर्ण किंमत देतात आणि त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळांना आम्ही कागदाच्या खर्चात संच देतो. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा लग्नपत्रिकाही थांबल्या होत्या. तो काळ औषधांची पाकिटं छापून काढला. आमच्याकडे काम करणाऱ्या एकालाही घरी बसवलं नाही, याचं समाधान मोठं आहे. त्यानंतर एका पुढाऱ्याने मतदारसंघातल्या सगळ्या शाळांसाठी संच घ्यायची तयारी दाखवली, मुखपृष्ठावर त्याचा फोटो टाकायचा होता. रक्कम आमच्या वर्षभराच्या विक्रीएवढी होती. आम्ही नाही म्हणालो. आमच्या कुठल्याही कागदावर पक्षाचं नाव, चिन्ह, नेत्याचा फोटो येत नाही. शिक्षक आमच्यावर विश्वास टाकून वर्ग सोपवतात तो याच कारणाने, आणि पालकही.

सध्या तिसऱ्या फाईलची जुळणी चालू आहे, रोजगार हमीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, १९७२ च्या दुष्काळात तिने दिलेला आधार, १९७७ चा कायदा आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून त्याची अंमलबजावणी. या फाईलमध्ये पैशाचा माग काढायचा आहे. या कामांसाठी निधी उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला आणि तो आजही पगारपत्रकात कापलेला दिसतो. मुलांनी घरातलं एक पगारपत्रक आणि गावातल्या रोजगार सेवकाकडचं हजेरीपत्रक शेजारी ठेवून बघावं, असा पाठ बहीण लिहिते आहे. कागद आला आहे, जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा संच तयार असतील.