गोट्या नेमका कुणाचा?

गोट्या आनंदाच्या भरात कोसळला, हे सांगताना काकूंना जरा ओशाळल्यासारखं होत होतं. "आता तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का! पण खरंच सांगते डॉक्टर, हा दारात दिसला, गोट्या धावत गेला, दोन उड्या मारल्या आणि आडवाच झाला."

'हा' म्हणजे त्यांचा मुलगा. नोकरीसाठी दूर राहणारा, काही महिन्यांनी एकदा घरी येणारा. त्याच्या पाठीवरची सॅक अजून उतरली नव्हती. तसाच कुत्र्याला उचलून दवाखान्यात आला होता. आणि ज्याच्यासाठी ही धावपळ, तो दहा वर्षांचा पॉमेरेनियन टेबलावर चारही पायांवर उभा राहून माझ्या ॲप्रनच्या खिशाचा वास घेत होता.

अशा वेळी तपासण्याआधी विचारणं महत्त्वाचं असतं. किती वेळ पडून होता? पाय झाडत होता का? तोंडाला फेस आला? लघवी झाली? उठल्यावर तुम्हाला ओळखलं का? मुलाने नीट आठवून सांगितलं. दहा-पंधरा सेकंद. मान टाकली, अंग सैल पडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या. मग एकदम उठला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा त्याच्या अंगावर उड्या. म्हणजे फिट नसावी. फिट येऊन गेलेला कुत्रा बराच वेळ भांबावलेला असतो, भिंतीला धडकतो, घरच्या माणसांकडेही परक्यासारखा बघतो. इथे काही क्षण मेंदूला रक्त कमी पडलं आणि लगेच पूर्ववत झालं, असं चित्र होतं. स्टेथोस्कोप डाव्या बाजूला ठेवला आणि कारणही ऐकू आलं. ठोक्यांच्या मधे स्पष्ट फुसफुस. लहान जातीच्या उतारवयातल्या कुत्र्यांमध्ये हृदयाची मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळत राहतं. एरवी हे हृदय निभावून नेतं. अतोनात उत्तेजना झाली की कधीकधी कमी पडतं.

"म्हणजे मी आलो म्हणून झालं," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, पण थोडा अभिमानही होता. मला तो ऐकू आला, आणि काकूंनाही.

"त्याचाच ना शेवटी," त्या म्हणाल्या. "पिल्लू होता तेव्हा यानेच आणला. मी आपली भांडं भरणारी. मी बाहेरून आले तर मान वर करून बघतो आणि परत झोपतो. हा आला की घर डोक्यावर घेतो."

ही तक्रार मला नवी नाही. बहुतेक घरांत हा हिशेब चाललेला असतो. कुत्र्याचं जास्त कुणावर? आणि निकाल नेहमी दारातल्या स्वागतावरून लावला जातो. मी सहसा त्यात पडत नाही. दोघांची मनं राखून पुढच्या पेशंटकडे वळते. त्या दिवशी मात्र निकाल माझ्यासमोर कागदावरच उमटला.

ईसीजी काढायचा होता. एक फॉर्म राहिला होता, म्हणून काकू बाहेर काउंटरवर गेल्या. गोट्याला मुलाने धरलं. ज्याच्यासाठी तो कोसळला होता, तोच माणूस. मला वाटलं, आता काम सोपं.

दार लागलं आणि गोट्याचा नूर पालटला. कान मागे गेले. जीभ सारखी नाकावरून फिरायला लागली. मग एक भलीमोठी जांभई, जी झोपेची अजिबात नव्हती. पुढचा एक पाय उचललेला आणि नजर दारावर खिळलेली. मुलगा कानात काहीतरी पुटपुटत होता, पाठ थोपटत होता. गोट्या त्याच्यावर गुरगुरला नाही, सुटायची धडपडही केली नाही. फक्त त्याच्यातून पलीकडे बघत राहिला. मी बरणीतला खाऊ मुलाच्या हातात दिला. गोट्याने हुंगला आणि तोंड फिरवलं. चिमटे लावले तर अंगाला इतकी थरथर की कागदावर रेघ नाही, नुसता गवताचा पट्टा उमटला. त्यातून ठोके वेगळे काढणं मुश्कील. मशीन मिनिटाला एकशे सत्तरच्या आसपास दाखवत होतं.

काकू फॉर्म भरून आत आल्या. गोट्या नाचला नाही. ओरडला नाही. शेपूट दोनदा इकडून तिकडे, बस. त्यांनी टेबलावर हात टेकला तसा त्याने मनगटाचा वास घेतला, एक लांब सुस्कारा सोडला आणि हनुवटी त्या मनगटावर ठेवली. मी कागदाकडे बघत होते. थरथरीचा पट्टा विरळ होत गेला, खालून स्वच्छ रेघ वर आली, ठोके एकशे तीसपर्यंत उतरले. माझ्या मदतनीस मुलीने मघाचाच खाऊ पुढे केला. हनुवटी न उचलता गोट्याने जिभेने ओढून घेतला.

मी तो कागद फाडून दोघांपुढे ठेवला. "ही तुम्ही धरलं होतं तेव्हाची रेघ. आणि इथे आई आत आल्या."

मुलगा कागद बघत राहिला. "पण मग माझ्यासाठी एवढं नाचतो ते काय?"

प्रश्न रास्त होता आणि टोलवण्यासारखा नव्हता. स्वीडनमध्ये 2011 साली याच गोष्टीवर एक साधासा प्रयोग झाला. बारा कुत्र्यांना घरी कधी अर्धा तास, कधी दोन तास, कधी चार तास एकटं ठेवलं आणि मालक परतल्यावर ते काय करतात ते टिपलं. अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा दोन तासांनंतरचं स्वागत बरंच जोरदार होतं. माणूस तोच, कुत्रा तोच. बदलला होता फक्त मधला वेळ. काकू घराबाहेर राहतात त्या तासभर. त्यांच्या वाट्याला चार महिन्यांचं स्वागत येणार कुठून?

"मग एवढ्या वर्षांत माझ्यासाठी एकदा तरी नाचायला काय झालं होतं त्याला?" काकूंनी विचारलंच.

"त्यासाठी तुम्हाला चार महिने घर सोडावं लागेल."

"छे, मग याला बघणार कोण?"

हे त्या इतक्या सहज बोलून गेल्या की मुलाला हसू आलं.

लहान मुलांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ एक चाचणी वापरतात. अनोळखी खोलीत आई काही वेळ मुलाजवळ असते, मग बाहेर जाते, परकं माणूस आत येतं, आई परत येते. आई गेल्यावर मूल खेळणं थांबवतं का आणि ती आल्यावर पुन्हा खेळायला लागतं का, हे बघायचं. बुडापेस्टच्या संशोधकांनी 1998 मध्ये हीच चाचणी कुत्रे आणि त्यांच्या मालकांच्या 51 जोड्यांवर करून पाहिली, आणि कुत्र्यांचं वागणं बरंचसं त्या मुलांसारखं निघालं. मालक जवळ असला की खोली हुंगायची, खेळायचं. तो गेला की दाराशी जाऊन उभं राहायचं. ज्याच्या असण्याने भीती ओसरते आणि घास खाली उतरतो, त्याच्याशी कुत्र्याची खरी गाठ बांधलेली असते. माझ्या टेबलावर त्या दिवशी ही चाचणी कुणी न ठरवता पार पडली.

मग मी काकूंची उलटतपासणी घेतली. रात्री कुठे झोपतो?

"माझ्या पलंगाखाली. चपलांवर तोंड ठेवून. किती वेळा सांगितलं, घाण असतात त्या."

स्वयंपाक करताना?

"पायात पायात. एक दिवस मला पाडणार आहे."

अंघोळीला गेलात की?

"दाराबाहेर बसून असतो. मला वाटायचं, तिथली फरशी गार आहे म्हणून."

मुलगा म्हणाला, "आई, तो थंडीतही तिथेच बसतो."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या.

इथे एक सांगायला हवं, कारण ही हकीकत वाचून कुणी आपल्या कुत्र्याला मार्क द्यायला बसेल. सावलीसारखं मागे फिरणं प्रत्येक वेळी मायेचंच असतं असं नाही. काही कुत्री माणूस घराबाहेर पडताच लाळ गाळतात, दार कुरतडतात, तासन् तास रडतात. तो विभक्ततेचा त्रास आहे, त्यावर उपचार लागतात आणि ते असतातही. म्हातारा कुत्रा अचानक चिकटून राहायला लागला तर आधी त्याचे डोळे, कान, सांधे तपासावेत. गोट्याबद्दल मी हे विचारून घेतलं. काकू बाहेर गेल्या की तो त्यांच्या चपलांपाशी जाऊन घोरत पडतो. त्या परत येणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. मान वर करून बघणं आणि परत झोपणं, हे ज्याला काकू दुर्लक्ष समजत होत्या, ते मला तरी निवांतपणाचं लक्षण वाटतं.

उलट, लोक ज्याला हमखास प्रेम म्हणतात त्यातलं बरंच आपल्या सोयीचं असतं. घट्ट मिठी बहुतेक कुत्रे केवळ सहन करतात. मिठीतल्या फोटोत कुत्र्याचं तोंड कुठे वळलंय ते बघा. चूक केल्यावरचा तो केविलवाणा चेहरा पश्चात्तापाचा नसून आपल्या चढलेल्या आवाजाला घाबरल्याचा असतो, असं 2009 च्या एका प्रयोगात दिसलं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा कुत्र्यांनीही रागावल्यावर तोच चेहरा केला. शांतपणे डोळ्यांत बघणं मात्र अस्सल. जपानमध्ये 2015 साली मोजलं गेलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. बाळाकडे बघताना आईच्या शरीरात वाढतं तेच हे. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं झालं नाही.

एवढं सगळं आईच्या पारड्यात गेल्यावर मुलगा गप्प झाला होता. "म्हणजे मी त्याला पाहुणाच," तो म्हणाला. तेही खरं नव्हतं. अमेरिकेत एमरी विद्यापीठात बारा कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये जागेपणी निश्चल पडून राहायला शिकवलं आणि निरनिराळे वास दिले. स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, परक्या कुत्र्याचा, परक्या माणसाचा आणि घरच्या माणसाचा. मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सर्वांत जास्त उजळला तो घरच्या माणसाच्या वासाने, आणि ते माणूस त्या वेळी खोलीत नव्हतंच. चार महिने दूर राहिलेल्या माणसाला कुत्रा विसरत नाही. शुद्ध हरपेपर्यंत नाचतो, तो पाहुण्यासाठी नाही. "मात्र," मी म्हणाले, "घाबरल्यावर कुणाकडे जायचं हे त्याचं ठरलेलं आहे." मुलाने मान डोलावली. त्याला ते आवडलं नसावं, पण पटलं होतं.

ईसीजीत लय बिघडलेली नव्हती. एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसलं, आणि पुढे सोनोग्राफीत झडपेची गळती आणि फुगलेला डावा कप्पा दोन्ही स्पष्ट झालं. फुप्फुसात पाणी नव्हतं. म्हणजे वेळेवर सापडलं होतं. या टप्प्यावर पिमोबेंडन सुरू करतात. 2016 साली 360 कुत्र्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात या औषधाने हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी पंधरा महिन्यांनी पुढे ढकलली गेली. दहा वर्षांच्या कुत्र्याला पंधरा महिने पुष्कळ झाले. गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी तासभर. शिवाय गाढ झोपेत असताना श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर जायला लागले तर थेट दवाखान्यात.

राहिला प्रश्न घरी येण्याचा. मुलाला सांगितलं, निघताना आईला फोन करायचा. काकूंनी गोट्याला आतल्या खोलीत जवळ घेऊन बसायचं. मुलाने हाक न मारता घरात यायचं, सॅक ठेवायची, जमिनीवर बसायचं आणि त्याला स्वतःहून येऊ द्यायचं. उचलून गरगर फिरवणं कायमचं बंद.

"त्याला जिन्यावरची पावलं कळतात," काकू म्हणाल्या. "हा खालच्या पायरीवर असतो आणि गोट्या वर सुरू."

"मग चपला हातात घेऊन येतो," मुलगा म्हणाला.

पुढच्या खेपेला तो खरोखरच अनवाणी जिना चढून आला. काकूंनी दुसऱ्या दिवशी फोनवर सविस्तर वृत्तांत दिला. गोट्याला अर्थातच कळलं. रडला, दाराशी दोन-तीन गिरक्या घेतल्या, मग आत येऊन काकूंच्या मांडीवर चढला, तिथून मुलाकडे बघत कुईंकुईं केलं आणि पुन्हा त्याच्याकडे धावला. हेलपाटे बराच वेळ चालले, पण पडला नाही. झोपेतले श्वास बावीस. गोळीचा डोस मी तोच ठेवला आणि सोनोग्राफीची पुढची तारीख दिली.