मिंडेलो ते बार्बाडोस: सोळा दिवस, पाच माणसं, एक कुकर

८ डिसेंबरला दुपारी केप व्हर्दे बेटांमधल्या मिंडेलो बंदरात नांगर उचलला आणि २४ तारखेला पहाटे बार्बाडोसचे दिवे दिसले. मधे अटलांटिक, साधारण २०३० सागरी मैल. बोट शिडाची, ४० फुटी, आमच्या आधी दोन मालक पाहिलेली. बोटीवर मी, नवरा, धाकटे दीर, अकरा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा मुलगा. राहायला आम्ही नेदरलँड्समध्ये. उन्हाळाभर बोट टप्प्याटप्प्याने दक्षिणेला आणली, मग कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास आणि तिथून मिंडेलो.

लास पाल्मासहून थेट कॅरिबियन गाठणारे पुष्कळ असतात, पण तो टप्पा २७०० मैलांचा आहे. मुलं बरोबर असतील तर मिंडेलोला थांबाच. तिथवरच्या सात दिवसांत काय मोडतंय, कोणाला किती मळमळतंय ते कळतं आणि दुरुस्तीला बंदर मिळतं. आमचा गोड्या पाण्याचा पंप त्याच टप्प्यात बंद पडला. पुढच्या टप्प्यात पडला असता तर रोज बादलीने टाकीतून पाणी उपसावं लागलं असतं.

घरच्यांना भीती असते वादळाची. पण चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो आणि डिसेंबरात ईशान्येचा व्यापारी वारा चांगला बसलेला असतो. वारा पाठीवर, लाटाही पाठीवर, आणि बोट दिवसाला सव्वाशे-दीडशे मैल तोडते. आम्हाला खरी काळजी घ्यावी लागली ती झोपेची. मोठ्यांची झोप पुरली की सगळं जमतं, स्वयंपाक, अभ्यास, शिडं, सगळं. ती तुटली की साध्या गाठीसुद्धा चुकतात आणि मुलांवर आवाज चढतो. म्हणून माझा पहिला सल्ला: फक्त आई-बाबा आणि मुलं असं निघू नका, तिसरं मोठं माणूस घ्या. दीर आले म्हणून रात्रीच्या तीन पाळ्या झाल्या. नऊ ते बारा मी, बारा ते तीन नवरा, तीन ते सहा दीर. तीन तास जागं आणि सलग सहा तास मोकळं. लेक संध्याकाळी सहा ते आठ माझ्याबरोबर बसायची. दर पंधरा मिनिटांनी उठून क्षितिज चौफेर बघायचं आणि वहीत नोंद करायची, हे काम तिने एकदाही चुकवलं नाही. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या कमांडर दिलीप दोंदे यांच्याबद्दल मी तिला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न होता, "मग ते झोपायचे कधी?" पाच दिवस समुद्रावर काढल्यावर तिला नेमकं तेच विचारावंसं वाटलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

रात्रीचे दोन नियम आम्ही मोडले नाहीत. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या मागच्या उघड्या जागेत, पाऊल टाकण्याआधी लाइफजॅकेटचा पट्टा बोटीला अडकवायचा. आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय एकट्याने डेकवर पुढे जायचं नाही, काम कितीही छोटं असो.

पहिले तीन दिवस वाईट जातात, हे धरूनच चला. लाटा दोन दिशांनी येत होत्या, बोट डावी-उजवीकडे सतत लोळत होती आणि धाकटा काही पोटात ठेवत नव्हता. पुढच्या केबिनमध्ये झोपवू नका, तिथे सगळ्यात जास्त उसळी बसते. आम्ही मधल्या बैठकीच्या जागेत अंथरूण केलं, कडेला जाड कापड ताणून बांधलं म्हणजे लेकरू घरंगळत नाही. चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी, सुंठ आणि कोरडे कुरमुरे. चौथ्या दिवशी त्याने आपण होऊन मेतकूट-भात मागितला आणि मला हायसं वाटलं. शाळेची पुस्तकं त्याआधी उघडूच नका. नंतरही रोज सकाळी दीड तास पुरतो.

आता स्वयंपाक. डोलणाऱ्या शेगडीवर प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे कलंडला तरी आतलं उकळतं अंगावर येत नाही, आणि गॅसही वाचतो. दुपारी खिचडी, पिठलं-भात नाहीतर आमटी-भात, रात्री दुपारचंच गरम करून. भाजणी तीन किलो नेली होती, सगळी संपली. भातात तीन भाग गोडं आणि एक भाग समुद्राचं पाणी घातलं की वेगळं मीठ लागत नाही. कोबी, कांदे, बटाटे आणि लिंबं शेवटपर्यंत टिकली, पण टोमॅटो आठव्या दिवशी गेले. हिरवं संपल्यावर मोड आलेल्या मुगांनी वाचवलं. ओल्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी आतल्या दांडीला टांगली की त्या उष्ण हवेत दीड दिवसात बोटभर मोड येतात. मोड आधी कोण बघणार यावरून मुलांची रोज भांडणं. बाजारातले पुठ्ठ्याचे खोके बोटीवर अजिबात आणू नका, त्यांतून झुरळांची अंडी येतात. सगळं धक्क्यावरच पिशव्यांत काढून घ्या.

पाणी टाकीत ४०० लिटर होतं, शिवाय ८० लिटर कॅनमध्ये वेगळं. टाकीला गळती लागली किंवा पाणी खराब झालं तर सगळं एकदम जायला नको. पाच जणांना दिवसाला अठरा लिटर पुरलं. भांडी समुद्राच्या पाण्याने, अंघोळही तशीच, वरून एक तांब्या गोडं.

दीर रोज सकाळी लेकीला घेऊन डेकवर फेरी मारायचे. रात्रीतून येऊन पडलेले उडते मासे उचलायचे आणि प्रत्येक दोर हाताने चाचपायचा. पाठीवरच्या वाऱ्यात दोर एकाच जागी दिवस-रात्र घासत राहतात. नवव्या दिवशी पुढचं शीड गुंडाळायच्या दोरावर तिचं बोट थांबलं. वरचं आवरण फाटून आतले पांढरे धागे बाहेर आले होते, केसांच्या बटेसारखे. तासाभरात दोर बदलला. त्याच रात्री अकराच्या सुमारास मागून काळा ढग आला, पंधरा नॉटचा (ताशी पंधरा सागरी मैल) वारा बघता बघता तीसवर गेला आणि पाऊस आडवा लागला. मी नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून तेच शीड गुंडाळलं. जुना दोर असता तर तो तेव्हाच तुटला असता. ती फेरी कंटाळा आला तरी टाळू नका, आणि मुलांना बरोबर न्या. त्यांची नजर बारीक असते.

बाराव्या दिवसापासून सारगॅसम लागलं, पिवळसर तपकिरी शेवाळाचे लांबच लांब पट्टे. ते सुकाणूला अडकलं की वेग अर्ध्या-पाऊण नॉटने पडतो. शीड ढिलं सोडून बोट जरा थांबवली की बरंचसं सुटून जातं. मासे पकडायची आशा मात्र तिथेच सोडावी लागते, गळाला दर वेळी शेवाळच लागतं.

घड्याळाचंही ठरवून घ्या. मिंडेलो आणि बार्बाडोसच्या वेळेत तीन तासांचा फरक आहे. नोंदवहीचं घड्याळ आम्ही बदललं नाही, जेवणाचं मात्र तीनदा एकेक तास मागे घेतलं. त्या प्रत्येक दिवशी मुलांना शिरा.

अलिबागला सासूबाईंना उपग्रह-यंत्रावरून रोज दोन ओळी जायच्या. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की दोन दिवस निरोप आला नाही तर यंत्र बिघडलंय असं समजा. हे सांगणं फार गरजेचं आहे. तेराव्या दिवशी निरोप खरंच गेला नाही, पण त्या घाबरल्या नाहीत.

आमच्यातल्या दोघांकडे भारतीय पासपोर्ट आहे. शेंगेन व्हिसा मार्टिनिकसारख्या फ्रेंच बेटांना आपोआप चालत नाही, म्हणून बार्बाडोस निवडलं. तिथे आधी व्हिसा काढावा लागला नाही, तरी निघायच्या आठवड्यात नियम पुन्हा तपासा. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाचे खडक आहेत. दिवे दिसले तरी अंधारात जवळ जाऊ नका. आम्ही उजाडेपर्यंत बाहेरच थांबलो, मग दक्षिणेकडून वळसा घेतला, परदेशातून आलोय, तपासणी बाकी आहे हे सांगणारा पिवळा झेंडा चढवला आणि ब्रिजटाउनला कागदपत्रं करून कार्लाइल बेमध्ये नांगर टाकला.

त्या रात्री सगळे आठलाच झोपले. नऊला मला आपोआप जाग आली, वर आले तर दीर कॉकपिटमध्ये बसलेले. "वहिनी, झोपा तुम्ही, आज पाळी नाहीये," ते म्हणाले. मग आम्ही दोघंही तिथेच बसलो, किनाऱ्यावरचे दिवे बघत, बारा वाजेपर्यंत.