कोलशेत ते गायमुख: पीळ खाणारे पाते

ठाण्याजवळच्या वसई खाडीत कोलशेतहून गायमुखला ओहोटीबरोबर जाणे अवघड नाही. नागला बंदरापर्यंत होडी जवळजवळ आपणहून गेली आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्यापुढे मात्र दुपारचा पश्चिमेचा वारा ओसरत्या पाण्याच्या तोंडावर आला, आखूड, उभ्या लाटा उठल्या आणि घरी बनवलेल्या वल्ह्याचे डावे पाते प्रत्येक ओढीला दांड्याभोवती फिरू लागले. लाटेत पात्याची एक कड आधी बुडते, पाण्याचा दाब दांड्याच्या रेषेवर न पडता बाजूला पडतो आणि पातळ पाते पीळ खाते. तासभर मी वल्हवत नव्हतो, मनगटाच्या जोरावर पाते सरळ धरून बसलो होतो.

चूक माझी, सल्ला मात्र हार्डवेअरच्या दुकानातला. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपला टोकाशी उभी चीर पाडा, त्यात प्लायवुड सरकवा आणि दोन बोल्ट मारा, असे मला सांगण्यात आले होते. अखंड नळी पिळाला दाद देत नाही, पण चीर पडताच ती कागदाच्या सुरळीइतकी सैल होते. शिवाय आयएस ७१०च्या, म्हणजे मरीन प्लायच्या, दराने घेतलेल्या ६ मिमी तुकड्यावर किमतीच्या कागदाखाली ३०३ हा साध्या प्लायचा शिक्का निघाला. शिक्का पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गायमुखला एका कोळी काकांनी वल्हे हातात घेतले, पात्याच्या दोन्ही कडा धरून ते ओल्या पंचासारखे पिळून दाखवले आणि न बोलता आपले वल्हे पुढे केले. त्यांचा दांडा निमुळता होत पात्याच्या टोकापर्यंत गेला होता.

नवे पाते ९ मिमीचे केले. जाडी दीडपट झाली की पिळाला होणारा विरोध तिपटीहून जास्त वाढतो. लाकडी दांडा पात्याच्या दोन-तृतीयांश लांबीपर्यंत कण्यासारखा चिकटवला आणि दोन्ही बाजूंना काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, बसवले. ते कापड दांड्याशी ४५ अंशांत तिरपेच लावावे. धागे दांड्याला समांतर ठेवले तर पाते वाकायचे थांबते, पिळायचे थांबत नाही, आणि अख्ख्या कामात कापडाची नासाडी इथेच होते. बोल्ट एकही मारू नये.

हेच वल्हे घेऊन त्याच टप्प्यावर, त्याच वाऱ्यात पुन्हा गेलो. मनगट मोकळे राहिले. गायमुखला मात्र पूर्ण ओहोटीला उतरू नये, चिखल गुडघ्याच्या वर येतो.