लसूणघासाच्या गाठी: वाळवणीचा माझा अनुभव

मोहोळ तालुक्यातील आमच्या दीड एकर लसूणघासाच्या, म्हणजे ल्यूसर्न या चाऱ्याच्या, मी परतीच्या पावसानंतर प्रथमच वाळवून दाबलेल्या गाठी बांधल्या आणि महिनाभरातच त्यांपैकी निम्म्या आतून बुरशीने पांढऱ्या पडल्या. गाठ सोडली की कुबट वास येई आणि म्हशी तोंड फिरवीत. कापल्याबरोबर रेकने (घास ओढून गोळा करणाऱ्या दातेरी अवजाराने) ओळी घातल्यामुळे वरचा थर कडक वाळला, तळाचा मात्र ओलाच राहिला होता. त्यातच भर दुपारी उलथणी केल्याने पाने झडून रानात पडली. घासातील प्रथिनांचा मोठा वाटा पानांतच असल्याने हे नुकसान मला बुरशीपेक्षाही अधिक लागले.

जानेवारीच्या कापणीला शेजाऱ्यासह निम्मे-निम्मे भाडे भरून मी कापता कापता देठ चेचणारे रूळ असलेले यंत्र आणले. पाने लवकर वाळतात आणि जाड देठ पाणी धरून ठेवतो, हीच घासाची खरी अडचण आहे. रुळातून निघालेला देठ हातात घेऊन पाहिला, तर बोटभर अंतराने त्याला उभ्या चिरा पडल्या होत्या, पण तो तुटला नव्हता. दव उडाल्यावर, नऊ वाजता कापणी सुरू केली आणि या वेळी ओळ न घालता घास रानभर पातळ पसरला, कारण कापल्यानंतरही काही तास पाने उजेडात पाणी सोडत राहतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पाने दवाने मऊ असतानाच, पाचट गोळा करण्याच्या रेकने ओळी घातल्या. पानगळ नावापुरतीच झाली.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता गाठी बांधणारा बेलर बांधावर येऊन उभा राहिला. उसाच्या हंगामात पाचटाच्या गाठींसाठी बेलरला मोठी मागणी असते, त्यामुळे चालकाची घाई मला समजत होती. तरीही ओळीच्या तळाचा घास बारीक कापून, कोरड्या मिठासह काचेच्या बरणीत घालून हलवला, तेव्हा मिठाचे खडे झाले. ओलावा १५ टक्क्यांच्या वर असल्याची ही खूण असल्याने, थांबण्याचे वेगळे पैसे देऊन मी त्यांना थांबवून घेतले. चार वाजता पुन्हा पाहिले, तर मीठ सुटे राहिले आणि मगच गाठी बांधायला सुरुवात केली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज गाठींत हात खुपसून ऊब तपासत होतो. एकही तापली नाही. मे महिन्यात, हिरवा चारा संपल्यावर सोडलेल्या पहिल्या गाठीत पाने देठाला धरून होती आणि रंग अजून हिरवट होता.