श्नाबेल आणि त्याचे चुकलेले सूर

गेले दोन महिने रात्री मागची आवराआवर झाली की हेडफोन लावून मी एकाच माणसाला ऐकतोय, पियानिस्ट आर्टुर श्नाबेल. बेथोवनचे ३२ च्या ३२ पियानो सोनाटा (एकट्या पियानोसाठीच्या, अनेक भागांच्या रचना) रेकॉर्ड करणारा पहिला माणूस हा, १९३२ ते १९३५, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत. पहिल्यांदा लावलं तेव्हा मात्र दोन मिनिटांत बंद केलं होतं, कारण मागे सतत खरखर आणि वर हा माणूस चक्क चुकीच्या पट्ट्या दाबतोय, मग परत कशाला ऐकायचं असंच वाटलं.

नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं की तेव्हा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू म्हणजे चार-साडेचार मिनिटं. कापाकापी, जोडाजोड काही नाही. चुकलं तर अख्खी बाजू परत वाजवायची. म्हणून तर श्नाबेल कित्येक वर्षं रेकॉर्डिंगला नाहीच म्हणत होता, एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने त्याला कसंबसं तयार केलं आणि आधी वर्गणीदार जमवून मग रेकॉर्ड काढायच्या अशी सोय केली. आपल्याकडचे गवय्ये त्याच काळात तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग बसवत होते, पण ते निदान बंदिश आटोपशीर करू शकत होते, बेथोवनने लिहिलेलं कसं कमी करणार? मग बाजू संपली की थांबायचं, आणि पुढची सुरू झाली की त्याच लयीत, त्याच मूडमध्ये परत शिरायचं. हे लक्षात आल्यापासून माझं ऐकणंच बदललं.

हामरक्लाविअर नावाचा सोनाटा, म्हणजे ओपस (रचना क्रमांक) १०६, घ्या. बेथोवनने स्वतः मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचा, जो आकडा लिहून ठेवलाय, मिनिटाला १३८ ठोके, तो बघून बहुतेक पियानिस्ट बिचकतात आणि आरामात वाजवतात. श्नाबेल तो आकडा खरा मानून सुटतो. सुरुवातीलाच डावा हात खालून वर झेप घेतो, आणि पुढे बोटं मागे पडतात, सूर एकमेकांवर आदळतात, पण वाक्य कुठे चाललंय हे तो एक क्षणही विसरत नाही. स्वच्छ वाजवणाऱ्या कितीतरी जणांकडे मला हेच सापडत नाही. व्हिएन्नात त्याचे गुरू लेशेटित्स्की त्याला म्हणाले होते म्हणे की तू पियानिस्ट कधी होणार नाहीस, तू म्युझिशियन आहेस. ते काय म्हणत होते ते हे ऐकताना कळतं.

आणि हे सगळं चालू असताना, १९३३ मध्ये, हिटलर आल्यावर त्याने बर्लिन सोडलं ते कायमचं. ज्या शहरात १९२७ साली त्याने हेच ३२ सोनाटा ओळीने वाजवले होते ते शहर. त्याची आई व्हिएन्नातच राहिली, १९४२ मध्ये तिला टेरेझिएनश्टाटच्या नाझी छळछावणीत नेलं आणि ती तिथेच वारली. रेकॉर्डमध्ये यातलं काही शोधायला मी जात नाही, पण माहीत झाल्यावर ते डोक्यातून जातही नाही.

माझं सगळ्यात आवडतं मात्र शेवटच्या सोनाटातलं, ओपस १११, त्याचा दुसरा भाग, आरिएटा. इतकी सावकाश सुरू करतो की विलंबित ख्यालाची सवय असलेल्या माणसाला लगेच घरी आल्यासारखं वाटतं, प्रत्येक सुरानंतर जागा सोडलेली, घाई कसली ती नाहीच. जवळजवळ अठरा मिनिटं, म्हणजे मध्ये तीन-चारदा तरी तबकडीची बाजू संपली असणार, आणि तरी धागा कुठे तुटल्याचं मला एकदाही जाणवलं नाही. शेवटाकडे वर उंचावर ती लांबच लांब ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची भराभर अदलाबदल, सुरू होते, अगदी बारीक, थरथरती, आणि तिच्याखालून सुरुवातीची ती साधी चाल परत येते. जुन्या माइकमुळे ट्रिल खरखरीत इतकी मिसळून जाते की कुठलं काय ते सांगता येत नाही. मी तिथे डोळे मिटून बसतो. काल ते झाल्यावर पुढचं काही लावलंच नाही, हेडफोन तसेच कानाला ठेवून बराच वेळ बसून होतो.