दुपारी दीड वाजता उघडणारं ऑफिस

विदर्भातल्या गावांमधून इकडे ब्रिटनमध्ये फोन येतात, त्यात तरुण मुलामुलींचा प्रश्न बहुतेक एकच असतो: तिकडे यावंच लागेल, की गावात राहून तिकडचं काम करता येईल? करता येतं. पण कुठूनही करता येणारं काम शोधताना पुष्कळ जण कोर्सच्या नावापासून सुरुवात करतात आणि त्यातच वर्ष घालवतात. आधी घड्याळ बघा. कोणत्या देशाच्या वेळेशी आपला दिवस जुळतो हे ठरलं, की कामाची निम्मी निवड तिथेच होते.

न्यूयॉर्कचं ऑफिस सकाळी ९ ला उघडतं तेव्हा यवतमाळ-वाशिमकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे रात्रपाळी आलीच. ब्रिटनचे सकाळचे ९ म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आपले दुपारचे १:३०, आणि उरलेले महिने २:३०. दीडला बसून साडेसातला उठलात तरी तिकडच्या माणसासोबत सहा तास मिळतात आणि सकाळ आपली राहते. मे महिन्यात वावरातली कामं तशीही दहाच्या आत उरकावी लागतात. रात्रपाळी दोन-चार महिने रेटता येते, पण घरात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असताना वर्षानुवर्षं रेटणं शरीराला आणि घरालाही झेपत नाही. गावातच राहून काम करायचं असेल, तर अमेरिकेच्या मागे न लागता ब्रिटन-युरोप धरावं, असं आमचं मत आहे.

आता काम कोणतं? बी.कॉम. झालेल्यांसाठी आम्ही सगळ्यात आधी ब्रिटनच्या छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिण्याचं काम सुचवतो. कारण साधं आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, घरभाडं घेणारे लोक इथे आजवर वर्षातून एकदा विवरणपत्र भरत आले. त्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी. ६ एप्रिल २०२६ पासून ज्यांची धंद्याची आणि भाड्याची मिळून जमा वर्षाला ५०,००० पौंडांच्या वर आहे, त्यांना नोंदी डिजिटल ठेवून दर तिमाहीला सरकारला कळवणं बंधनकारक केलं आहे. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० पौंडांवर येते. तिमाहीच्या मुदती ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी आणि ७ मे. वर्षातून एकदा होणारं काम चारदा होणार म्हटल्यावर छोट्या अकाउंटंटना हात लागतात.

शिकायला काय लागतं? दुहेरी नोंद तुम्हाला येतेच. इथला व्हॅट नीट समजून घ्या: सर्वसाधारण दर २० टक्के, काही गोष्टींना ५, काहींना ०, आणि काही मुळात करमुक्त. शून्य दर आणि करमुक्त हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि नवखे लोक नेमके तिथेच चुकतात. सॉफ्टवेअरसाठी झीरो (Xero) या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा ब्रिटनवाला डेमो हिशेब फुकट उघडता येतो. दर २८ दिवसांनी तो पुसला जाऊन पुन्हा पहिल्यासारखा होतो, म्हणून बिनधास्त चुका करून बघा.

एक चूक मात्र मुद्दाम करून बघा. पुरवठादाराचं १२० पौंडांचं बिल आधी नोंदवा. मग बँकेच्या विवरणात तेच १२० पौंड गेलेले दिसतील. तिथे त्या बिलाशी जुळणी करायची असते. घाईत नवी नोंद तयार केली, तर तोच खर्च दोनदा पडतो, नफा तेवढा कमी दिसतो, आणि बिल पुस्तकात अजून देणं म्हणून उभंच राहतं. व्हॅटही दोनदा वजा होतो. महिनाअखेर थकीत बिलांची यादी काढून त्यातलं प्रत्येक बिल खरंच द्यायचं आहे का, हे बघायची सवय लागली की ही चूक सापडते. मुलाखतीत डिग्रीपेक्षा अशी एखादी गोष्ट नीट सांगणारा माणूस लवकर ठरतो.

ग्राहक थेट दुकानदार धरू नका. ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे हिशेब लिहिणाऱ्याला मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली देखरेखीची नोंदणी लागते. ती नोंदणी असलेल्या दोन-पाच माणसांच्या अकाउंटन्सी फर्मच्या हाताखाली काम घेणं सोपं आणि सुरक्षित. अशा फर्मला लांबलचक बायोडाटा पाठवू नका. डेमो हिशेबावर एका महिन्याची बँक जुळणी पूर्ण करून त्याचं एक पान जोडा आणि खाली तीन ओळी लिहा: रोज किती वाजल्यापासून (ब्रिटनच्या वेळेत) उपलब्ध आहात, तासाचा दर किती, आणि पहिला आठवडा ठरावीक पैशात करून द्याल का.

काम मिळालं की ते टिकतं रोजच्या निरोपावर. मधे साडेचार-साडेपाच तासांचं अंतर असतं, त्यामुळे एक अर्धवट प्रश्न विचारला की एक दिवस जातो. उठताना लिहायचा निरोप असा असावा: "२१४ नोंदी तपासल्या. ९ ठिकाणी पावती नाही, त्या लाल केल्या आहेत. २ पावत्यांवर ०३/०४ असं आहे; ब्रिटिश पद्धतीने ३ एप्रिल धरली आहे, पण पुरवठादार अमेरिकेतला असल्याने ४ मार्चही असू शकते. उत्तर येईपर्यंत त्या दोन सोडून पुढे जातो. उद्या तुमच्या ९ वाजता उरलेल्या ३००." काय झालं, काय अडलं, आपण काय गृहीत धरलं आणि उत्तर नाही आलं तरी पुढे काय करणार, एवढं त्यात हवं. समोरच्याचा विश्वास बसतो तो यावरच.

बाकी कामांबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअरची चाचणी, वेबसाइटची देखभाल, नकाशांचं डिजिटायझेशन (त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे), मराठी-हिंदी सबटायटल ही सगळी गावातून होतात. व्हिडिओ एडिटिंगला मात्र गावातलं इंटरनेट अडवतं. २० जीबीची फाइल १० एमबीपीएस अपलोडने चढवायला साडेचार तास लागतात, तेही मधे लाइन तुटली नाही तर. हिशेबाचं काम ब्राउझरमध्ये चालतं, त्याला ५ एमबीपीएस स्थिर मिळालं तरी पुरतं. नेटची परीक्षा दुपारी न घेता रात्री आठ-नऊला घ्या, सगळं गाव मोबाइलवर असतं तेव्हा. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा.

विजेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बरीच कामं तिथे हातची जातात. आधी घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या फीडरवर ते बघा. वावरातल्या घराला शेतीची लाइन असेल तर वीज पाळीनेच येणार. इन्व्हर्टरचं गणित असं: १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ९०० उरले. त्यातले इन्व्हर्टरमध्ये जाणारे वजा करून हाती साधारण ७५०. लॅपटॉप ६०, राउटर १५, बल्ब ९, पंखा ७५, मिळून १६० वॉट. साडेचार तास चालेल. त्यावर १८० वॉटचा कूलर लावला की दोन तासांतच आटोपतं. म्हणून कूलर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नका.

इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असतं, साधा मोड आणि यूपीएस मोड. कॉल तुटू नये म्हणून लोक यूपीएस मोड लावतात. त्यात व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन सोडून बॅटरीवर जातो. गावात संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० वर उतरलं की लाइट असूनही बॅटरी संपत राहते, आणि खरी लाइट जाते तेव्हा ती रिकामी असते. साधाच मोड ठेवा आणि राउटरला त्याच्याच व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस लावा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. बंद पडतो तो राउटर, आणि तो पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो.

उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरचा घरघराट कॉलवर आपल्याला वाटतो त्याहून मोठा जातो, कारण लॅपटॉपचा माइक तोंडापासून दोन हात लांब असतो. तोंडासमोर दांडी येणारा वायरचा हेडफोन घ्या आणि दांडी ओठांपासून दोन बोटांवर ठेवा. कूलरकडे पाठ करून बसू नका, बाजूला बसा.

पैसे पौंडात मागा. बँक परदेशी रक्कम जमा करताना पर्पज कोड, म्हणजे पैसे कोणत्या कामाचे आहेत तो क्रमांक, विचारते. हिशेबाच्या कामाला पी१००५. प्रत्येक रकमेचा परदेशी जमेचा दाखला मागून जपून ठेवा, निर्यात सिद्ध करायला तोच कामी येतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यानंतर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरला की सेवेच्या निर्यातीवर कर न भरता बिल देता येतं. आणि काम देण्याआधी जो नोंदणी फी मागतो, किंवा "दहा हजार फॉर्म भरा, चुकलात तर दंड" असा करार पुढे करतो, तो काम देणारा नाही. सही करू नका, आधार-पॅन पाठवू नका.

काम जमल्यावर काही महिने परदेशात राहून करावंसं वाटलं, तर पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडू नका. स्पेन, पोर्तुगालला अशा कामासाठी वेगळे व्हिसा आहेत, आणि उत्पन्नाची अट त्यांच्या किमान वेतनाच्या अनुक्रमे दुप्पट आणि चौपट धरतात. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी हा व्हिसा नाही. तिच्यावर तिथे राहता येत नाही.

कामाचं वर्ष गावाच्या वर्षाशी जुळवून घ्या. ३१ जानेवारीच्या गर्दीत तूर काढणी आणि कापसाची शेवटची वेचणी असते, तेव्हा मजूर आधी ठरवावे लागतील. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि तिमाहीची मुदत ७ नोव्हेंबरला. दिवाळी म्हणजे काय हे इथल्या फर्मला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सुट्टी सप्टेंबरातच लिहून कळवा आणि ऑक्टोबर संपायच्या आत तिमाही बंद करा. त्याच महिन्यात, २५ ऑक्टोबरला, ब्रिटनची घड्याळं तासभर मागे जातात. दुसऱ्या दिवसापासून तुमचं ऑफिस अडीचला उघडेल.