न्यूयॉर्कच्या उन्हातलं गाणं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उन्हाळ्यावरचं आवडतं इंग्रजी गाणं कोणतं, असं कुणी विचारलं की मी दर वेळी 'समर इन द सिटी'चं नाव घेते. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: द लव्हिन स्पूनफुल बँडच्या त्या इतक्या जुन्या गाण्यात असं आहे तरी काय?

त्यात ऊन आहे. उन्हाळ्याच्या बहुतेक पॉप गाण्यांत समुद्रकिनारा असतो, सुट्टी असते, आणि ऊन नुसतं शोभेपुरतं. इथे मळलेली मान आहे, सावलीचा पत्ता नसलेलं शहर आहे, काडीच्या गुलाहून तापलेला फुटपाथ आहे. गाणं आलं जुलै 1966 मध्ये. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 107 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 42 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे हे गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं होतं.

मूळ कल्पना गायक जॉन सेबास्टियनच्या धाकट्या भावाची, मार्कची. तो तेव्हा शाळकरी वयाचा होता. रात्री हे जग वेगळंच असतं, अशा अर्थाचं त्याचं ध्रुवपद जॉनला फार भावलं. कडवी मात्र मवाळ वाटली. रात्रीची सुटका जाणवायची तर आधी दिवस अंगावर यायला हवा. म्हणून जॉनने कडवी नव्याने रचली, आणि माझ्या मते सगळं गाणं इथेच घडलं. सुरुवातीला खर्जातले दोन सूर, त्यावर ड्रमचा तडाखा. कडवं मायनर, म्हणजे उदास छटेच्या सुरावटीत, जबडा आवळून गायल्यासारखं. ध्रुवपदाशी मेजर, म्हणजे उजळ छटेची सुरावट येते आणि ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप सैल होतात. शब्द कळले नाहीत तरी होतात. लहान मुलांना ऐकवून बघा.

मधला वाद्यांचा तुकडा बेसवादक स्टीव्ह बूनचा. तिथे गाड्यांचे हॉर्न वाजतात, त्यात फोक्सवॅगन बीटलचाही आहे, आणि पाठोपाठ रस्ता फोडणारं ड्रिल मशीन सुरू होतं. गाण्यात असा गोंगाट घालणं धोक्याचं असतं, दुसऱ्यांदा ऐकताना त्यातली मजा संपते. इथे ती संपत नाही. गाणं आधीच इतकं ताणलेलं असतं, की हॉर्न वाजले नसते तरच चुकल्यासारखं वाटलं असतं. आणि हे सगळं तीन मिनिटांच्या आत!

अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्सने 1973 मध्ये हेच गाणं अगदी संथ करून वाजवलं आणि त्या संयोजनाला ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळाला. तेही मला मनापासून आवडतं. पण त्यात दिवस जवळपास मावळलेलाच असतो. पहिल्यांदा ऐकणार असाल तर 1966 चंच ऐका, आणि भर दुपारी ऐका.